द्राक्षवेलींवर चालणारे रुग्णालय

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात बोन नावाचे एक तटबंदीचे गाव आहे. वस्ती वीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे तालुक्याचे ठिकाण असते तेवढी. गावाच्या मधोमध एक जुने रुग्णालय आणि गावाबाहेरच्या उतारांवर त्या रुग्णालयाच्या मालकीच्या द्राक्षबागा. दर वर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी या बागांची नवी वाइन लिलावात विकली जाते आणि आलेला पैसा रुग्णसेवेला लागतो. रुग्णालयाची स्थापना १४४३ सालची, पहिली बाग मिळाली १४५७ मध्ये आणि जाहीर लिलाव सुरू झाला १८५९ मध्ये. संस्थेचे नाव ‘ओस्पीस द बोन’. वाइनच्या दुनियेत हे नाव मोठ्या बोलींमुळे घेतले जाते. मला मात्र या संस्थेचे मोल वाटते ते एका साध्या गोष्टीसाठी. धर्मादायासाठी दिलेली जमीन पावणेसहाशे वर्षे नीट कसली गेली, विकून खाल्ली गेली नाही. ही गोष्ट कशी घडली ते मुळापासून सांगण्याजोगे आहे.

१४४३ म्हणजे आपल्याकडे बहमनी राजवटीचा काळ. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून १८७ वर्षे होती. बर्गंडीत तेव्हा ड्यूक फिलिप यांचे राज्य होते आणि त्यांचे चॅन्सेलर, म्हणजे आपल्या भाषेत दिवाण, होते निकोला रोलँ. रोलँ कायद्याचे माणूस. १४२२ मध्ये त्यांनी हे पद घेतले आणि पुढे जवळजवळ चार दशके कारभार पाहिला. १४३५ मध्ये आरास येथे फ्रान्सचा राजा आणि बर्गंडीचा ड्यूक यांच्यात तह झाला, त्यात रोलँ यांचा मोठा हात होता. तह झाला खरा, पण त्यामुळे रिकामे झालेले भाडोत्री सैनिक टोळ्या करून गावे लुटू लागले. लोक त्यांना ‘एकोर्शर’ म्हणत, म्हणजे कातडी सोलणारे. पाठोपाठ दुष्काळ आणि प्लेग. बोनमध्ये भुकेल्या, आजारी, बेघर माणसांची गर्दी झाली. ४ ऑगस्ट १४४३ रोजी रोलँ आणि त्यांच्या पत्नी गिगोन द सालँ यांनी गरिबांसाठी रुग्णालय स्थापन करण्याचे दानपत्र केले. इहलोकीच्या संपत्तीच्या बदल्यात परलोकीचे धन मिळावे, अशा अर्थाचा भाव त्या दानपत्रात स्पष्ट आहे.

रोलँ गडगंज श्रीमंत होते आणि ती श्रीमंती कशी जमली याबद्दल त्यांच्या हयातीतच कुजबुज होती. फ्रान्सचा राजा अकरावा लुई त्यांच्याबद्दल म्हणाला होता म्हणतात, की ज्याने जन्मभर इतक्यांना गरीब केले त्याने त्यांच्या निवाऱ्याची सोय करणे योग्यच झाले. बोलणे लागणारे आहे. पण माझे मत असे, की दात्याच्या मनात काय होते यापेक्षा त्याने दान कसे बांधले हे पाहावे. रोलँ यांनी नुसती इमारत उभारून दिली नाही. गिगोनबाईंच्या माहेरचे नाव ज्या सालँ गावावरून आले, तिथल्या खाऱ्या झऱ्यांच्या पाण्यापासून मीठ काढण्याच्या धंद्यातून वर्षाला हजार लिव्रचे कायम उत्पन्न त्यांनी रुग्णालयाला लावून दिले. इमारत बांधून दिली पण खर्चाची सोय केली नाही, तर ती दहा वर्षांत ओस पडते, हे त्या दिवाणाला पक्के ठाऊक होते.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात यान व्हान आयक यांनी रंगवलेले रोलँ यांचे चित्र आहे. भरजरी अंगरख्यातले रोलँ मातामेरी आणि बाळ येशूसमोर गुडघे टेकून बसले आहेत. त्यांच्या मागे कमानींतून नदी दिसते आणि नदीकाठच्या टेकडीवर द्राक्षमळे. चित्र १४३५ च्या सुमाराचे, म्हणजे रुग्णालयाच्या आधीचे.

रुग्णालयाच्या इमारतीला ‘ओतेल-द्यू’ म्हणतात. शब्दशः देवाचे घर. आत अंगणात शिरले की उतरती छपरे दिसतात, त्यांवर तांबड्या, पिवळ्या, हिरव्या, तपकिरी चकचकीत कौलांची नक्षी. १ जानेवारी १४५२ रोजी इथे पहिले रुग्ण दाखल झाले. मुख्य दालनाचे नाव ‘गरिबांचे दालन’. लांबी सुमारे पन्नास मीटर, रुंदी चौदा, उंची सोळा मीटर. छत लाकडी, उलट्या ठेवलेल्या जहाजाच्या तळासारखे. दोन्ही भिंतींना लागून लाकडी खाटांची रांग, प्रत्येक खाटेला लाल पडदे. गर्दी असे तेव्हा एका खाटेवर दोन-दोन रुग्ण झोपत. दालनाच्या टोकाला प्रार्थनास्थळ आहे, म्हणजे ज्याला उठता येत नाही त्यालाही खाटेवरूनच प्रार्थना ऐकू यावी. पायाखालच्या फरशीवर रोलँ आणि गिगोन यांच्या नावांची आद्याक्षरे गुंफलेली, शेजारी ‘एकमेव’ या अर्थाचा एक फ्रेंच शब्द आणि एक चांदणी. नवऱ्याने बायकोला उद्देशून कोरवलेली ती ओळख. गिगोनबाईंनीही ती सार्थ केली. १४६२ मध्ये रोलँ गेले आणि पुढची आठ वर्षे, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, त्या या गरिबांसाठी राबल्या. त्यांचे दफनही इथेच आहे.

या प्रार्थनास्थळासाठी रोलँ यांनी रॉजिअर व्हान डेर वायडन या चित्रकाराकडून ‘अंतिम न्याय’ हे अनेक फळ्यांचे चित्र करवून घेतले. आठवडाभर ते मिटलेले असे. मिटलेल्या बाजूवर गुडघे टेकलेले दाता पती-पत्नी आणि रोगराईपासून राखणारे संत सेबास्टियन आणि अँथनी. रविवारी आणि सणावारी ते उघडले जाई. मग मधोमध तराजू धरलेला देवदूत दिसे. एका पारड्यात पुण्य, दुसऱ्यात पाप. आजारी माणसाला रविवारी हे पाहून धीर येत असेल की धास्ती वाटत असेल, सांगता येत नाही. पण एवढे खरे की राजवाड्यात शोभावे असे चित्र इथे कंगाल रुग्णांच्या पायथ्याशी लावले होते. गरिबांसाठी म्हणून हलके काम केलेले नाही. मला या इमारतीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. आज हे चित्र वेगळ्या दालनात जपून ठेवले आहे आणि समोर हलते भिंग आहे, त्यातून गालावरचा अश्रूही दिसतो.

शुश्रूषा करणाऱ्या भगिनींनी हे घर शतकानुशतके चालवले. त्यांचे औषधालय अजून तसेच मांडून ठेवले आहे. चिनीमातीच्या बरण्यांच्या ओळी, पितळी खल, काचेच्या बाटल्या. त्यांवरच्या चिठ्ठ्यांत वाळवलेल्या किड्यांची भुकटी आहे, नदीतल्या खेकड्यांच्या जातीच्या प्राण्याचे ‘डोळे’ म्हणून ओळखले जाणारे खडे आहेत आणि आपल्या वैद्यांच्या ओळखीचा कुचलाही आहे. १६५८ मध्ये चौदावा लुई इथे आला, पुरुष आणि स्त्रिया एकाच दालनात पाहून त्याला बरे वाटले नाही आणि वेगळ्या दालनासाठी त्याने कायमचे उत्पन्न लावून दिले. त्या दालनाच्या जमिनीत आता एक काच बसवली आहे. खाली पाहिले की इमारतीच्या पोटातून वाहणारी बूझेज नदी दिसते. रुग्णालयाची घाण वाहून नेण्याची सोय म्हणून बांधणारांनी प्रवाहावरच इमारत उभारली होती.

आता वेलींकडे. १४५७ मध्ये गिल्मेत लव्हर्निए नावाच्या बाईंनी रुग्णालयाला द्राक्षबाग दिली. संस्थेला मिळालेले हे पहिले द्राक्षमळ्याचे दान. मग रीतच पडली. कोणी शेत दिले, कोणी जंगल, कोणी घर, पण बर्गंडीत ज्याच्याकडे देण्यासारखे काही असे, त्याच्याकडे बहुधा द्राक्षबाग असेच. बरे होऊन घरी गेलेल्यांनी दिले, निपुत्रिकांनी दिले, आत्म्याच्या शांतीसाठी दिले. आज संस्थेकडे सुमारे साठ हेक्टर बागा आहेत आणि त्यांतला बराचसा भाग बर्गंडीतल्या सर्वांत वरच्या दोन प्रतींचा. बहुतेक ठिकाणी पिनो न्वार ही काळी जात, थोड्या भागात शार्दोने ही पांढरी. बर्गंडीतल्या या बागांचे तुकडे पाडण्याची पद्धत इतकी जुनी आणि नेमकी आहे, की २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. बांध ओलांडला की मातीचे नाव बदलते आणि वाइनचा भावही.

इथे मला संस्थेच्या कारभारातली एक फार सुंदर रीत सांगायची आहे. बागेतून जी वाइन निघते तिच्या प्रत्येक प्रकाराला एखाद्या दात्याचे किंवा संस्थेशी बांधलेल्या माणसाचे नाव असते. बोनच्या एका वाइनचे नाव ‘निकोला रोलँ’, दुसरीचे ‘गिगोन द सालँ’. रुग्णसेवा करणाऱ्या भगिनींच्या नावाची एक आहे. कॉर्तोंच्या टेकडीवरची एक ‘शार्लोत द्युमे’, दुसरी ‘डॉक्टर पेस्त’. ही बाग डॉक्टरांच्या लेकीने वडिलांच्या नावे दिली. ‘रूसो-देलांद’ हे नाव १६४५ मध्ये गावात अनाथ मुलांसाठी आश्रम काढणाऱ्या जोडप्याचे. तो आश्रम पुढे याच संस्थेचा भाग झाला. आणि हे जुन्या काळापुरते नाही. १९७६ मध्ये एका मुलाने माझी-शांबेर्तँ इथली बाग आईच्या स्मरणार्थ दिली आणि ती वाइन आज ‘मादलेन कोलिन्यों’ या त्या आईच्या नावाने विकली जाते. आपल्याकडे दात्याचे नाव इमारतीला लागते. पुण्यातले ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभे राहिले आणि आजही माणूस ‘ससूनला नेलं’ असेच म्हणतो. बोनमध्ये ते नाव दर वर्षीच्या पिकाला लागते. हंगाम आला की नाव पुन्हा उच्चारले जाते, त्याच्यावर बोली लागते आणि त्याचा पैसा पुन्हा रुग्णाच्या खाटेपर्यंत जातो.

बाग दान मिळणे निराळे आणि ती कसणे निराळे. साठ हेक्टर वीस-बावीस कामगार बागायतदारांमध्ये वाटून दिलेले असतात. प्रत्येकाकडे साधारण अडीच-तीन हेक्टर, आणि त्या तुकड्यांची छाटणीपासून खुडणीपर्यंतची जबाबदारी त्याची. बोलीच्या दिवशी आपल्या वेलींची वाइन कितीला गेली हे त्याला कळते, त्यामुळे हात राखून काम होत नाही. नाशिककडच्या वाचकांना यातला एक फरक लगेच जाणवेल. आपल्याकडे एप्रिलची आणि ऑक्टोबरची अशा दोन छाटण्या, थंडी ओसरताना काढणी. तिथे हिवाळ्यात एकच छाटणी, जूनमध्ये फुलोरा आणि सप्टेंबरच्या आसपास खुडणी. घड हाताने तोडून लहान क्रेटमध्ये आणतात, पट्ट्यावर निवडतात, मग आंबवणीला घेतात. या सगळ्या कामाची सूत्रे २०१५ मध्ये ल्युदिव्हीन ग्रिव्हो यांच्याकडे आली. या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. एका स्त्रीच्या दानाने सुरू झालेल्या बागांचा कारभार स्त्रीच्या हाती यायला साडेपाचशेहून अधिक वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही वाइन खाजगीत, ठरावीक व्यापाऱ्यांना विकली जाई. मागणी नसली की पिंपे तळघरात पडून राहात. संस्थेच्या हिशेबनिसाने ती विकण्यासाठी युरोपभर पायपीट केल्याची हकीकत आहे. १८५९ मध्ये जाहीर लिलाव सुरू झाला. १९२४ पासून त्याला नोव्हेंबरचा तिसरा रविवार मिळाला आणि तेव्हापासून तो दिवस त्या भागातल्या माणसांच्या पंचांगात जाऊन बसला.

लिलावाची जुनी पद्धत मेणबत्तीची. छोटी वात लावायची. ती जळते आहे तोवर बोली चालू. ज्योत बारीक होते, निळसर होते, धुराची रेघ उठते. त्या क्षणापर्यंत जो वर गेला त्याचे पिंप. घड्याळ नाही, तीनदा पुकारा नाही. ज्योत कधी मान टाकेल हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे शेवटच्या काही सेकंदांत सभागृह श्वास रोखून धरते. आता एवढ्या पिंपांचा लिलाव या पद्धतीने करणे वेळखाऊ, म्हणून बहुतेक विक्री हातोड्यावर, दूरध्वनीवर आणि संगणकावर होते. मेणबत्ती राहिली आहे ती एका खास पिंपासाठी. त्याच्याकडे येतोच.

बोली लागते ती बाटलीवर नाही, पिंपावर. बर्गंडीचे पिंप २२८ लिटरचे. त्यातून साधारण तीनशे बाटल्या निघतात. विकली जाते ती अवघ्या काही आठवड्यांची कोवळी वाइन. तिला अजून वर्ष-दीड वर्ष ओक लाकडाच्या पिंपात मुरायचे असते आणि ते मुरवण्याचे काम बर्गंडीतल्याच एखाद्या वाइन व्यापाऱ्याच्या तळघरात व्हावे लागते. म्हणजे पैसे आज द्यायचे आणि वाइन दीड-दोन वर्षांनी हाती यायची. फार काळ हे पिंप फक्त व्यापाऱ्यांनाच घेता येत असे. २००५ मध्ये संस्थेने लिलाव क्रिस्टीज या कंपनीकडे सोपवला आणि कोणाही व्यक्तीला, अगदी एक पिंप का होईना, बोली लावण्याची वाट मोकळी झाली. २०२१ पासून हे काम सदबीज कंपनी करते. विक्री जगभर पसरली, भाव वाढले, टीकाही झाली. बोनच्या बोलीवरून सगळ्या बर्गंडीचे भाव चढतात असे लहान व्यापारी म्हणत आले आहेत आणि त्यात तथ्य आहे. धर्मादायासाठी कोणी हौसेने चढी बोली लावतो आणि तो भाव बाजाराचा समजला जातो. ही अडचण संस्थेला नीटशी सोडवता आलेली नाही.

आता उत्सवाबद्दल. या दिवसांना तिकडे ‘तीन वैभवशाली दिवस’ अशा अर्थाचे नाव आहे. शनिवारी रात्री क्लो द व्हूजो या गढीत शव्हालिए द्यु तास्तव्हँ या मंडळाची मेजवानी होते. हे मंडळ १९३४ मध्ये, वाइनला गिऱ्हाईक नव्हते अशा मंदीच्या काळात निघाले. रविवारी लिलाव. सोमवारी मर्सो गावात ‘पोले’ नावाची पंगत. खुडणी संपली की मालकाने मजुरांना जेवू घालायची ही जुनी प्रथा. १९२३ मध्ये ज्यूल लाफों या बागायतदाराने ती नव्याने सुरू केली. आमंत्रित पाहुणा आपल्या तळघरातली बाटली घेऊन येतो आणि शेजाऱ्याला पाजतो. या पंगतीत एका लेखकाला पुरस्कार देतात. पुरस्कार म्हणजे मर्सोच्या शंभर बाटल्या. लातूर-धाराशिवकडची वेळ अमावास्या ज्याने पाहिली आहे, शेतात पाल घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून अंबिल पाजताना पाहिले आहे, त्याला या पंगतीचे मर्म सांगावे लागणार नाही.

गढीतल्या मेजवानीचे आमंत्रण थोड्यांनाच असते, पण बोनचे रस्ते सगळ्यांचे असतात. शनिवार-रविवार गाव फुलून जाते. गोगलगायी, चीजचे फुगीर बन, वाइनमध्ये शिजवलेले मांस यांचे ठेले, वाजंत्री, बागांमधून धावणारी अर्ध-मॅरेथॉन, बाटलीचे बूच लवकरात लवकर उघडण्याची चढाओढ. शेजारपाजारचे बागायतदार आपापली वाइन चाखायला ठेवतात. लिलावाचा हॉल रुग्णालयाच्या अगदी समोर, जुन्या मंडईच्या इमारतीत. म्हणजे बोली लावणारा माणूस बाहेर पडला की समोर ओतेल-द्यूचे दार.

या मुलखात परस्परांना धरून राहण्याची रीत लिलावापेक्षाही जुनी. संत व्हिन्सेंट हा द्राक्ष बागायतदारांचा राखणदार संत. त्याच्या नावाने गावोगाव मंडळे असत. बागायतदार आजारी पडला तर मंडळातले लोक जाऊन त्याच्या वेलींची छाटणी, मशागत करून देत. आपल्याकडचा सावड हा शब्द त्याला चपखल बसतो. १९३८ पासून या संताचा उत्सव दर वर्षी जानेवारीत वेगवेगळ्या गावी भरतो. बोनचे रुग्णालय या सावडीच्या मातीतच वाढले.

मेणबत्तीच्या पिंपाकडे येतो. इतर सर्व पिंपांचा पैसा संस्थेच्या स्वतःच्या रुग्णालयांना आणि वृद्धाश्रमांना जातो. पण एक पिंप दर वर्षी बाहेरच्या सेवाकार्यासाठी बाजूला काढले जाते. त्याच्या लिलावाला अभिनेते, गायिका किंवा वृत्तनिवेदिका अध्यक्ष म्हणून उभे राहतात. ते आर्जव करतात, लोकांमध्ये फिरतात, वात पेटते. १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले झाले आणि लिलाव होता १५ तारखेला. रस्त्यावरचा जल्लोष थांबवला, लिलाव मात्र ठेवला. त्या दिवशी या एका पिंपाला ४ लाख ८० हजार युरो आले. २०२० मध्ये करोनामुळे लिलाव डिसेंबरपर्यंत पुढे गेला आणि हे पिंप आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ठेवले गेले. २०२१ मध्ये ते अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या आणि स्त्रियांच्या कर्करोगावरच्या कामासाठी ८ लाख युरोंना गेले, २०२२ मध्ये मुलांसाठी काम करणाऱ्या दोन संस्थांकरता ८ लाख १० हजारांना. २०२२ हे वर्षच विक्रमी. ८०२ पिंपे आणि २ कोटी ८० लाख युरोंहून अधिक विक्री.

पण विक्रमी आकड्यांनी या संस्थेची खरी ओळख होत नाही. ओळख होते ती पडत्या वर्षांनी. १९५६ आणि १९६८ मध्ये पीक इतके निकृष्ट आले की संस्थेने लिलावच केला नाही. नाव खराब करून पैसा उभा करायचा नाही, हा निर्णय रुग्णालय चालवणाऱ्या माणसांना किती जड गेला असेल! २०२१ च्या एप्रिलमध्ये कोंब फुटल्यानंतर कडाक्याची थंडी पडली. बर्गंडीभर बागायतदारांनी रात्र-रात्र जागून वेलींच्या ओळींमध्ये मोठाल्या मेणबत्त्या पेटवल्या, ओला पेंढा जाळून धूर केला. एवढे करूनही संस्थेच्या हाती त्या साली चारशेहूनही कमी पिंपे आली. पुढल्याच वर्षी वर सांगितलेला विक्रम झाला. शेतीवर उभ्या असलेल्या दानाचे हे असे असते. व्याजाच्या दरासारखे ते कागदावर ठरत नाही.

न शोभणारे पानही या इतिहासात आहे. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, १९४२ मध्ये, संस्थेने आपल्या बागेतला एक तुकडा तेव्हाच्या फ्रेंच सरकारचे प्रमुख मार्शल पेतँ यांना भेट दिला. युद्ध संपल्यावर ते दान रद्द झाले आणि जमीन परत आली. गरिबांसाठी मिळालेली जमीन सत्तेच्या पायाशी ठेवण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

१९७१ पर्यंत ओतेल-द्यूमध्ये रुग्ण राहात होते. त्यानंतर रुग्णसेवा नव्या इमारतीत गेली आणि जुनी इमारत संग्रहालय झाली. आजच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होतात, बाळंतपणे होतात. रोजचा खर्च तिकडच्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेतून भागतो. वाइनचा पैसा कामी येतो तो यंत्रसामग्रीला, नव्या बांधकामाला, जुनी इमारत राखायला. म्हणजे ज्या गावाच्या आकाराला मध्यम प्रतीचे रुग्णालय मिळाले असते, त्याला चांगल्या प्रतीचे मिळते.

एक शंका मराठी वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही, आणि ती रास्त आहे. दारूचा पैसा आणि रुग्णसेवा यांची सांगड कशी घालायची? आपल्याकडे आडव्या बाटलीला मत देऊन गावातले दुकान बंद पाडणाऱ्या बायांनी जे सोसले आहे, ते मी क्षणभरही विसरत नाही. फ्रान्सलाही हा प्रश्न आहे. १९९१ च्या एव्हँ कायद्याने तिथे दारूच्या जाहिरातींवर कडक बंधने आली. वाइन पुण्यकर्माला लागली म्हणून ती पथ्यकर होत नाही, आणि बोनच्या रुग्णालयातही यकृत बिघडलेले रुग्ण येतातच. म्हणून या संस्थेकडून वाइन उचलावी असे मी म्हणत नाही. उचलण्यासारखी आहे ती दानाची बांधणी.

आपल्याकडे सांगली जिल्ह्यात तासगावला बेदाण्याचे सौदे होतात. निफाड, दिंडोरी, नारायणगावपासून जत, कवठेमहांकाळपर्यंत द्राक्षाचा पट्टा पसरला आहे. याच पट्ट्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत एखादे यंत्र बिघडले की रुग्णाला जिल्ह्याच्या गावी धाडावे लागते. बागायतदार मंडळींना, त्यांच्या सोसायट्यांना आणि सौदे चालवणाऱ्या बाजार समित्यांना माझी विनंती आहे. प्रत्येकाने आपल्या बागेतली एक ओळ, आई-वडिलांच्या नावाने, तालुक्याच्या रुग्णालयासाठी राखून ठेवावी. त्या ओळींचा बेदाणा वर्षातून एक दिवस वेगळ्या सौद्याला लावावा, पेटीवर आई-वडिलांचे नाव लिहावे आणि आलेला पैसा कोणत्या यंत्राला लागला ते पुढच्या सौद्याच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवावे. येत्या हंगामात एखाद्या गावाने हे केले, तर पहिल्या पेटीवर बोली लावायला मी येईन.